मोटर धरणारा हात

घरी जुळवलेला इलेक्ट्रिक स्केटबोर्ड पहिले चार दिवस ऐटीत पळतो. मग एखाद्या चढावर, किंवा करकचून ब्रेक लावताना, पायाखालून 'कडकड' येते. मोटर आणि चाक जोडणारा पट्टा दात सोडतोय. लगेच नवा पट्टा येतो, तो आणखी ताणून बसतो आणि आठवड्याने पुन्हा तेच. दोष बहुतेक वेळा पट्ट्याचा नसतोच. दोष असतो माउंटचा, म्हणजे चाकांच्या ट्रकला मोटर धरून ठेवणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्टीचा.

या पट्टीवर किती ओढ येते? ६३७४ ही या छंदातली नेहमीची मोटर: व्यास ६३ मिलिमीटर, लांबी ७४. १९० केव्हीची (म्हणजे व्होल्टमागे मिनिटाला १९० फेऱ्या) असेल तर ६० अँपिअरला ती साधारण ३ न्यूटन-मीटर पीळ देते. ५ मिलिमीटर पिचच्या पट्ट्याची १५ दात्यांची पुली घेतली, तर तिची त्रिज्या जेमतेम १२ मिलिमीटर. म्हणजे पट्ट्यावर २५० न्यूटनची ओढ, जणू तांदळाचा पंचवीस किलोचा कट्टा टांगलाय. आधीचा ताण वेगळाच. त्यात मोटर पट्टीच्या एकाच बाजूला लटकलेली. लांब केलेल्या हातात भरली बादली धरावी तशी. पट्टी किंचित पिळते, पुली तिरकी होते, पट्टा कडेवर सरकतो.

इथे हौशी मंडळी हमखास चुकतात. ६०६१ ऐवजी महागडे ७०७५ ॲल्युमिनियम आणले की काम झाले, असे त्यांना वाटते. ७०७५ तुटायला कठीण हे खरे, पण वाकण्याच्या बाबतीत दोन्ही जवळपास सारखेच. फरक पडतो तो जाडीने, आणि तोही घनाच्या हिशेबाने: ६ ऐवजी ८ मिलिमीटर घेतले की ताठपणा सव्वादोनपटीहून जास्त वाढतो. पैसे जाडीवर घालवावेत.

दुसरी गोष्ट पकडीची. हँगर, म्हणजे ट्रकचा आडवा दांडा, गोल असेल तर माउंटचा क्लॅम्प त्यावर फिरायला टपलेलाच असतो. म्हणून हँगरला एखादी सपाट बाजू असलेली बरी, आणि क्लॅम्पचे भोक नेमके त्याच आकाराचे हवे. बोल्ट पूर्ण आवळल्यावरही क्लॅम्पच्या चिरेत फट उरली पाहिजे. चीर मिटली, तर बोल्ट ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम दाबत बसलाय आणि हँगर मोकळाच आहे. वेल्डिंगचा मोह टाळावा. ६०६१ ची ताकद उष्णतेच्या संस्कारातून आलेली असते, वेल्डच्या आसपास ती बरीचशी उतरते.

मग रस्ता. बोर्डाला सस्पेन्शन नाही, युरेथेनची चाके प्रत्येक खडा थेट वर पाठवतात. पोलादाला निदान एक मर्यादा असते, जिच्याखाली कितीही हादरे बसले तरी ते थकत नाही; ॲल्युमिनियमला तशी ठाम मर्यादा नाही. भेग सुरू होते ती आतल्या टोकदार कोपऱ्यातून, म्हणून तिथे गोलाई ठेवायची. थ्रीडी प्रिंटरवर पीएलएचा माउंट छापावा, पण मापे जुळतात का हे पाहण्यापुरताच. ६० अंशांच्या आसपास हे प्लॅस्टिक मऊ पडते आणि मोटर सहज त्याहून तापते.

मोटरचे एम४ बोल्ट निवडताना लांबी मोजा. जास्त लांब बोल्ट आत जाऊन थेट वाइंडिंगला टोचतो आणि मोटर कायमची जाते. बोल्टच्या आट्यांना निळे थ्रेडलॉक लावा. शेवटी क्लॅम्पवरून हँगरवर पेंट मार्करने एक सरळ रेघ ओढा. फेरी मारून आल्यावर रेघ तुटलेली दिसली, तर पट्टा विकत आणायला जाऊ नका.