सुनेचे ताट आधी वाढा

विहारात जमणाऱ्या बायांना आम्ही एक साधा प्रश्न विचारतो: घरातली गरोदर बाई कितव्या पंगतीला जेवते? धुळ्यात विचारा की जळगावात, उत्तर बहुधा एकच येते: सगळ्यांचे झाल्यावर. आधी सासरे आणि नवरा, मग मुले, मग सासू आणि शेवटी सून. तोवर टोपल्यात भाकरी असते, पण भांड्यात नुसता रस्सा उरतो. डाळ तळाला गेलेली असते, अंडे संपलेले असते.

गरोदरपणात काय खावे, याची यादी पुष्कळ जण सांगतात. आमच्या मते खरी गोष्ट ताट वाढण्यापासून सुरू होते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १०० गरोदर बायांपैकी ५२ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. गरोदर बाईचे हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी नसावे. ते कमी असेल तर बाळंतपणात होणारा रक्तस्राव तिच्या जिवावर बेतू शकतो आणि बाळही कमी वजनाचे जन्मते. म्हणून हिमोग्लोबिनचा आकडा नवऱ्यालाही पाठ असला पाहिजे. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलही आढळतो. पहिल्या तपासणीतच त्याची चाचणी करून घ्या.

‘दोन जिवांची आहे, दुप्पट खा’ हे खरे नाही. ‘जास्त खाल्ले तर बाळ मोठे होऊन बाळंतपण अडेल’ हेही खरे नाही. चौथ्या महिन्यापासून रोज साधारण ३५० कॅलरी जादा लागतात. म्हणजे नेहमीच्या जेवणावर एक भाकरी, एक वाटी घट्ट डाळ आणि एक केळे. मळमळ होत असेल तर थोडे थोडे, चार-पाच वेळा खावे.

यासाठी महागड्या डब्याची पावडर आणायला नको. आपली कळण्याची भाकरी घ्या. ज्वारीत उडीद दळलेला असतो, त्यामुळे धान्य आणि डाळ दोन्ही एकाच घासात मिळतात. बाजरीत लोह आहे, नागलीत कॅल्शियम भरपूर आहे. अंबाडी, तांदुळजा, शेवग्याचा पाला, मूठभर शेंगदाणे, भाजलेले हरभरे यांतले रोज काहीतरी पोटात जावे. जमेल तसे अंडे, कोंबडी, मटण, सुके बोंबील खावेत. पण सगळे पूर्ण शिजलेले. अंडे कच्चे राहू नये. कलेजी पहिल्या तीन महिन्यांत टाळावी, नंतरही क्वचित आणि थोडीच घ्यावी. जेवताना लिंबू पिळले की लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेतला तर ते वाया जाते. चहा तासाभराने घ्या.

एवढे करूनही लोहाची गोळी लागतेच. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. गोळीने शौचाला काळे होते, त्याला घाबरू नका. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. कॅल्शियमची गोळी मात्र तिच्याबरोबर नको, दोन तासांचे अंतर ठेवा.

आता जपायचे काय? केळ्याच्या जिल्ह्यात राहूनही काही घरांत गरोदर बाईला केळे देत नाहीत, ‘थंड पडते’ म्हणून. खुशाल द्या. पपई पूर्ण पिकलेली चालते, कच्ची टाळावी. मिश्री आणि तंबाखू आजच बंद करा. त्याने बाळाचे वजन घटते. माती, खडू, पाटीची पेन्सिल खावीशी वाटणे हे बऱ्याचदा रक्त कमी असल्याचे लक्षण असते. तिला हसू नका, आशाताईंना सांगा. कापूस वेचायला किंवा केळीच्या बागेत जाणाऱ्या बहिणींनी फवारणीच्या दिवशी शेतात जाऊ नये आणि डबा उघडण्याआधी साबणाने हात धुवावेत.

सर्वांत मोठा धोका पाण्याचा. नळ काही दिवसांआड येतो, पाणी पिंपात साठते. दूषित पाण्यातून हेपॅटायटिस ई ही कावीळ होते. शेवटच्या तीन महिन्यांत ती झाली तर शंभरात वीस ते पंचवीस जणी दगावू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून गरोदर बाईचे पाणी उकळून, झाकून, वेगळे ठेवा. डोळे पिवळे दिसले तर झाडपाल्यात दिवस घालवू नका, थेट सरकारी रुग्णालय गाठा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रात्रीचा भात, वरण, मटण सकाळपर्यंत टिकत नाही. शिळी भाकरी चालेल, शिळे वरण नको.

वर्षावासात आणि पौर्णिमेला अनेक उपासिका अष्टशील घेतात आणि दुपारनंतर जेवत नाहीत. गरोदर बहिणीने पंचशील पाळावे, रात्रीचे जेवण सोडू नये.

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूतीच्या सवलतींचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारने उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. आज २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदरपणी आणि बाळंतपणानंतर सहा महिने अंगणवाडीतून मोफत आहार मिळणे हा हक्क आहे. पण ते पाकीट घरी आले की अख्ख्या घरात वाटले जाते. ते तिचेच आहे. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात, त्यासाठी अंगणवाडीत नाव नोंदवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयात मोफत तपासणी असते. त्या दिवशी नवऱ्याने रोजंदारी बुडवून सोबत जावे.

आणि सासूबाई, आज रात्री एवढे करा. डाळ ढवळून तळाची पहिली वाटी सुनेला वाढा, आणि तिला तुमच्या शेजारी बसवून जेवू घाला. तुमच्या वेळी तुम्हाला कोणी असे वाढले नसेल, हे आम्ही जाणतो.