मोघम जाहिरातीतली नोकरी

मंदीत जागा कमी आणि उमेदवार जास्त झाले की ‘ऑफिस कामासाठी मुले-मुली पाहिजेत, पगार आकर्षक’ अशा मोघम जाहिरातींनाही अर्जांचा ढीग लागतो. मोघमपणाची कारणे वेगवेगळी असतात. छोट्या फर्ममध्ये हिशेब, फोन आणि वसुली एकाच माणसाकडे असते. कुठे कमिशनवरची विक्री ‘मार्केटिंग’ म्हणून खपवली जाते. कुठे निव्वळ फसवणूक असते. म्हणून कामाचे स्वरूप, ठिकाण, तास आणि ठरलेला पगार आधीच विचारून घ्यावा. कंपनीची नोंदणी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तपासता येते. नोकरीसाठी अनामत मागितल्यास तिथेच थांबावे. परदेशातील नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला १९८३च्या उत्प्रवासन कायद्यानुसार नोंदणी सक्तीची आहे. ऑनलाइन पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी.