गाडी लागली!

‘गाडी लागली’ या दोन शब्दांचे मराठीत निदान तीन अर्थ होतात. फलाटावर उभं राहून म्हटलं, तर आगगाडी येऊन थांबली. स्टेशनाबाहेर दिवेलागणीला म्हटलं, तर भुर्जीवाल्याने आपली हातगाडी नेहमीच्या जागी आणून उभी केली, आता थोड्या वेळात तवा तापेल. आणि घाटात, खिडकीबाहेर डोकं काढून बसलेल्या माणसाबद्दल म्हटलं, तर पिशवीतलं लिंबू शोधा.

दौंडमध्ये यातले पहिले दोन अर्थ एकमेकांच्या जिवावर जगतात. पुण्या-मुंबईत हल्ली फूड ट्रकची हौस आहे. रंगवलेला टेम्पो, दिव्यांची माळ, खडूने लिहिलेला फळा, आत मेक्सिकन काहीतरी. मला त्यांचं कौतुक वाटतं, पण नवल वाटत नाही. दौंड जंक्शनवर चार वेळा गाडी बदललेल्या माणसाला चाकांचं आणि ताटाचं नातं कोण नव्याने सांगणार? फरक एवढाच, की शहरात खाणं चाकांवर बसून खाणाऱ्याकडे जातं आणि दौंडला खाणारेच चाकांवर बसून येतात.

ते इथेच का थांबतात, हे कळायला रुळांची रचना बघावी लागते. पुण्याहून पंचाहत्तर-एक किलोमीटर पूर्वेला दौंड, आणि तीच लाइन पुढे सोलापूरला जाते. १८७८ साली दौंड-मनमाड लाइन सुरू झाली. ही लाइन दौंडच्या पुणे बाजूला फुटते आणि वळण घेऊन, भीमा ओलांडून, नगरकडे निघते. सोलापूरहून मनमाडला जाणाऱ्या गाडीला काहीच अडचण नाही, ती सरळ निघून जाते. पण पुण्याहून नगरला जायची गाडी दौंडात शिरली, की तिचं तोंड नेमकं चुकीच्या दिशेला! मग इंजिन सोडायचं, शेजारच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला न्यायचं आणि गाडी आली तशी उलट्या अंगाने बाहेर काढायची. लहानपणी या प्रवासातली सगळ्यात मोठी जादू हीच होती. पुण्यापासून आपण पुढे तोंड करून बसलेलो असायचो आणि दौंडनंतर तीच बाकं, तीच माणसं, पण सगळी पाठमोरी निघालेली.

ही जादू चुटकीसरशी होत नाही. इंजिन पुन्हा जोडलं, की डब्यांखालच्या ब्रेकच्या नळीत हवा भरावी लागते. रेल्वेचा ब्रेक आपल्या समजुतीच्या उलटा असतो. हवा भरली की ब्रेक सुटतो, हवा गेली की लागतो. म्हणजे नळी कुठे तुटलीच, तर गाडी आपणहून थांबते. शेवटच्या डब्यापर्यंत दाब पोचला का, ब्रेक लागतो-सुटतो का, हे बघेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. ती हवा भरेपर्यंतचा वेळ हेच दौंडच्या फलाटावरच्या वड्याचं भांडवल.

कर्जतचंही असंच. दिवाडकरांचा वडा खाताना कुणाच्या डोक्यात येत नाही, पण गाड्या तिथे थांबतात त्या खंडाळ्याच्या घाटासाठी. घाटात दर ३७ फुटांना १ फूट असा चढ आहे, तो एका इंजिनाला ओढवत नाही, म्हणून मागून ढकलायला जादा इंजिनं जोडतात. ती जोडेपर्यंत लोक खाली उतरून वडा खातात. आपण म्हणतो, अमक्या गावचा वडा प्रसिद्ध. खरं तर आधी प्रसिद्ध झाला तो थांबा, आणि वडा त्याला चिकटून वर आला.

थांबा किती मिनिटांचा, यावर काय विकायचं ते ठरतं. दोन मिनिटांच्या थांब्याला चहा आणि वडापाव, कारण दोन्ही एका हाताने घेता येतात आणि दुसरा हात सुट्या पैशांना मोकळा राहतो. दहा मिनिटांत मिसळ होते. महामार्गावर एसटी थांबते तेवढ्यात राइसप्लेट उरकते, फक्त कंडक्टर उठला का यावर एक डोळा ठेवायचा. आणखी एक बारीक अट असते ती खिडकीच्या गजांची. फलाटावर गजांच्या फटीतून जे आत जाईल तेच विकलं जाणार. वडा जातो, भेळेचा कागदी पुडा जातो, केळी जातात. ताट जात नाही. वातानुकूलित डब्यांना तर पक्की काच, त्यातून वासही आत येत नाही. फलाटावरच्या विक्रेत्याला अशा डब्यापुढे उभं राहिलेलं बघितलं, की बंद दुकानापुढे गिऱ्हाईक उभं असावं तसं वाटतं, फक्त उलट.

आणि आता कॉर्डलाइनही झाली आहे. पुण्याहून नगरकडे वळणारा एक जोडरूळ टाकला, त्यामुळे बऱ्याच गाड्या दौंडच्या जुन्या फलाटांना न लागताच बाहेरच्या बाहेर, कॉर्डलाइन स्टेशनावर टेकून निघून जातात. प्रवाशांचा वेळ वाचला, ते चांगलंच झालं. वड्याचा वेळही त्यातच गेला.

स्टेशनातून बाहेर पडा. रेल्वेची वसाहत, एकेकाळची अँग्लो-इंडियन कुटुंबं, राज्य राखीव पोलीस दलाचे पाचवा आणि सातवा असे दोन गट, कुरकुंभच्या एमआयडीसीतले कामगार. एवढ्याशा गावात इतक्या मुलखांतली माणसं क्वचित सापडतील. नोकरीने आणून सोडलेल्या माणसाला रात्री नऊ वाजता घरचं आठवतं आणि परवडतं ते मात्र गाडीवरचं.

भुर्जीच्या गाडीपाशी जरा उभे राहा, घाई करू नका. तवा बघा, पाटासारखा जाड, मध्ये किंचित खोलगट. ज्योत मध्यावर, म्हणून मधला भाग रसरशीत आणि कड कोमट. हा माणूस त्या तव्याचा नकाशासारखा वापर करतो. मध्ये कांदा, मिरची, टोमॅटो. जरा बाहेर तयार भुर्जी. अगदी कडेला पोट उघडून पालथे टाकलेले पाव, जे तेल पीत हळूहळू खरपूस होतात. अंडं तव्याच्या कडेवर टचकन फुटतं, कलथ्याची टकटक सुरू होते, आणि तेवढ्या आवाजावर रस्त्यापलीकडची दोन माणसं वळून येतात. जाहिरात झाली.

घरी तशी का होत नाही? कारण घरचा तवा पातळ. त्यावर चार अंडी एकदम पडली, की तो गार होतो, कांद्या-टोमॅटोचं पाणी सुटतं आणि भुर्जी परतली जायच्या ऐवजी शिजते. जाड लोखंडात मुळात इतकी उष्णता साठलेली असते, की ओलं पडलं तरी ते ढळत नाही. पाण्याची वाफ होऊन ते उडालं, की पदार्थाचं तापमान शंभराच्या वर चढतं आणि साधारण १४० अंशांच्या पुढे ती तांबूस खरपूस चव येते. गाडीवरचा ‘हातगुण’ म्हणतात, त्यातला निम्मा हात लोखंडाचा आहे. उरलेला निम्मा मात्र त्याचाच, हे कबूल करायला हवं. मी तसा तवा आणून पाहिला आहे.

शेजारी लाल कापडावर पिवळ्या अक्षरांत ‘चायनीज’. भट्टी जेट विमानासारखी गरजते. मंचुरिया नावाचा प्रदेश चीनच्या ईशान्येला आहे खरा, पण मंचुरियन हा पदार्थ मुंबईचा. १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वाँग या कोलकात्याहून आलेल्या आचाऱ्याने आलं-लसूण-मिरचीत सोया सॉस घालून तो केला, असं सांगतात. कोंबडी जाऊन कोबी आला, मुंबईहून तो पुण्याला, तिथून दौंडला. पलीकडे वडापाव, तो १९६६ साली दादर स्टेशनाबाहेर, अशोक वैद्यांच्या गाडीवर. पुन्हा स्टेशन, पुन्हा गाडी!

आता खाली वाका आणि चाकं बघा. बहुतेक गाड्यांच्या चाकाखाली वीट असते. काहींच्या चाकांत वर्षानुवर्षं हवा नाही, धावेभोवती गवत उगवलेलं. ही गाडी हलणार नाही हे तिला, मालकाला आणि गिऱ्हाइकाला ठाऊक आहे. तरी चाकं हवीतच, कारण चाकं आहेत तोवर ती ‘गाडी’, आणि काढली की ‘बांधकाम’. अतिक्रमणाचं पथक आलं, तर वीट काढून ढकलता आली पाहिजे. २०१४च्या पथविक्रेता कायद्याने प्रमाणपत्र, ठरलेली जागा, नगर पथविक्रेता समिती असं सगळं कागदावर आणलं. वीट अजून जागेवर आहे.

गाव सोडून सोलापूर महामार्गाला लागलं, की थांब्यांची दुसरी ओळ सुरू होते. यवत, चौफुला, वरवंड, पाटस, कुरकुंभ. उसाच्या दिवसांत गुऱ्हाळांचा धूर आणि गोडसर वास, हंगामात खोरच्या अंजिरांच्या पाट्या. रसवंतीच्या चरकाला घुंगरू का बांधतात? धावत्या गाडीतल्या माणसाला पाटी वाचायला वेळ नसतो, कान मात्र उघडे असतात. पाटीवर बहुधा कानिफनाथांचं नाव असतं, कारण पुष्कळ रसवंत्या शेजारच्या पुरंदरच्या, कानिफनाथ गडाखालच्या बोपगाव भागातल्या लोकांच्या. आणि पूर्वेला, इंदापूर तालुक्यात भिगवण, जिथे ताटात चिलापी मासा येतो. उजनी धरण १९८० साली पुरं झालं, शेतं पाण्याखाली गेली, आणि त्या पाण्यात हा मूळचा आफ्रिकेतला मासा सुखाने वाढला. भारतात तो १९५२ साली आणला होता. आज भिगवणच्या हॉटेलात तो असा समोर येतो, की जणू पेशवाईपासून इथलाच.

फूड ट्रकचा इतिहास सांगणारे अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स गावापासून सुरुवात करतात. १८७२ साली वॉल्टर स्कॉट नावाच्या माणसाने (कादंबरीकार तो वेगळा) घोडागाडी लावून वर्तमानपत्रांच्या रातपाळीवाल्यांना खाणं विकलं. गंमत अशी, की असल्या गाड्या पुढे एका जागी स्थिरावल्या, त्यांचे ‘डायनर’ झाले, आणि त्यांचा आकार राहिला रेल्वेच्या डब्यासारखा. चाकाखालची वीट तिकडेही आहेच.

पण चाकांवरच्या खऱ्या मोठ्या स्वयंपाकघरासाठी अमेरिकेला जायची गरज नाही. आषाढी वारीच्या दिवसांत महामार्गाच्या कडेला उभे राहा.

तुकोबांची पालखी पुण्याहून लोणी काळभोरला, तिथून यवतला, मग वरवंडला मुक्काम करत जाते. दिंड्यांतली माणसं चालतात आणि दिंडीचा ट्रक पुढे धावतो. त्यात शिधा, गॅस, पाण्याची पिंपं, तंबू, ताडपत्र्या आणि एकात एक बसवलेली पातेली असतात. सकाळची पंगत उठली, की आचारी भांडी घासून ट्रकमध्ये चढवतात, चालणाऱ्यांना मागे टाकून पुढचा मुक्काम गाठतात, तंबू ठोकतात आणि वारकरी पोचेपर्यंत भात वाफेला आलेला असतो. असे ट्रक एक-दोन नव्हेत, रांगच्या रांग. एक अख्खं शहर रोज पंधरा-वीस किलोमीटर सरकतं आणि त्याची खानावळ त्याच्याआधी एक गाव पुढे असते.

यवतला मात्र पाहुणचार गावाचा, पिठलं-भाकरीचा. घराघरांतून भाकऱ्या येतात आणि पिठलं मोठाल्या कढयांत होतं. हाच बेत का, हे जरा बघण्यासारखं आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी दुसऱ्या दिवशीही खाता येते, आणि हातावर घेतली की तीच ताटली. पिठल्याला भाजी निवडायला नको, पीठ वर्षभर घरात, आणि आधण उकळलं की काही मिनिटांत दाट. कसोटी एकच, गुठळ्यांची. घरी चार माणसांचं करताना एका हाताने पीठ भुरभुरायचं आणि दुसऱ्या हाताने घाटायचं. तरी एखादी राहतेच. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात पडलं, की त्याचा बाहेरचा थर क्षणात फुगून चिकट होतो, पाण्याला आत शिरायला वाव राहत नाही आणि आतलं पीठ कोरडंच कोंडलं जातं. चमच्याखाली ती गुठळी फोडता येते. कढईत फोडत कोण बसणार? म्हणून मोठ्या स्वयंपाकात पीठ आधी गार पाण्यात कालवतात. गार पाण्यात पीठ फुगत नाही, कण न् कण सुटा भिजतो, आणि मग ते पातळ पीठ आधणात सोडलं की सगळे कण एकदम फुगतात. वल्ह्याएवढ्या लाकडी दांड्याने ढवळणाऱ्या माणसाचा हात जड व्हायला लागला, की ओळखायचं, झालं.

वरवंडहून पुढे पाटस, आणि पाटसनंतर जो घाट लागतो त्याचं नाव रोटी घाट. हे मी जुळवून आणलेलं नाही, रोटी नावाचं गावच आहे तिथे. रथ चढवायला जादा बैलजोड्या लावतात (पुन्हा कर्जतच!) आणि ट्रक मात्र घरघरत वर निघून जातात.

त्या घाटाच्या पायथ्याशी एकदा मी एका दिंडीच्या ट्रकजवळ चहा पीत उभा होतो. आचारी साठीचे असावेत, सगळे त्यांना अण्णा म्हणत. मुकादमाने राहिलेल्या भाकरीवर ठेचा घालून त्यांच्यापुढे धरला. अण्णांनी हात जोडले. म्हणाले, आता नको, वर गेल्यावर बघू. आणि बंडीच्या खिशातून अर्धं लिंबू काढून दाताखाली धरत ते पातेल्यांच्या चवडीशेजारी चढून बसले.

‘‘काय करायचं,’’ मुकादम हसत मला म्हणाला, ‘‘वीस वर्षं वारीत स्वयंपाक करतायत. पण अण्णांना गाडी लागते.’’