गॅस कुणाकडून घ्यायचा? हुमनाबादच्या स्वयंपाकघरातला एक धडा

मार्गशीर्ष लागला की हुमनाबादचे आमचे घर पाहुण्यांनी भरून जाते. गावाला लागूनच माणिकनगर. तिथे दत्तजयंतीचा उत्सव असतो आणि सोलापूर, उमरगा, गुलबर्गा, हैदराबाद अशा चारी बाजूंनी नातेवाईक येतात. दर्शन माणिकप्रभूंचे आणि मुक्काम आमच्याकडे, ही रीत आजीच्या काळापासूनची. दादा गेले, आम्ही भावंडे पांगलो, तरी आईने ती मोडलेली नाही. मीही सोलापूरहून चार दिवस रजा काढून जाते.

मागच्या दत्तजयंतीला घरात चौदा माणसे होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाकऱ्या चालू असताना गॅस संपला. सिलिंडर लावून जेमतेम सोळा दिवस झाले होते. दुसरा सिलिंडर रिकामाच होता. त्याचा नंबर लावून नऊ दिवस झाले होते, आणि एजन्सीचा फोन कुणी उचलत नव्हते. मी अंगणात फोन लावत उभी राहिले आणि परत आले तर आई परसात जुन्या चुलीपुढे बसलेली! तुराट्या पेटवून तिने तवा चढवला होता.

‘‘अगं, डॉक्टरांनी धूर वर्ज्य सांगितलाय ना तुला?’’

‘‘मग पाहुण्यांना उपाशी झोपवू का?’’

चौदा माणसे जेवली. रात्री तिचा खोकला सुरू झाला तो पहाटेपर्यंत थांबला नाही. श्वास लागायला लागला तशी सकाळी गाडी करून तिला बिदरला नेले. दोन दिवस दवाखान्यात काढले. आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. चाळीस वर्षे चुलीचा धूर छातीत घेतलेली बाई. तिथल्या बाकावर बसल्या बसल्या माझ्या मनात एकच विचार फिरत होता. साडी घेताना आम्ही चार दुकाने फिरतो, मग ज्याच्यावर घरातली चूल चालते तो गॅस कुणाकडून घ्यायचा, याचा विचार कधीच का केला नाही?

वखार, रॉकेल आणि दादांचे कान

दादा असते तर त्यांनी तो केला असता. माझ्या लहानपणी घरात सरपण जळायचे. न्हाणीघरात पाण्याचा बंब, परसात चूल. आमचा भाग पठाराचा, थंडीत सकाळी हात गारठतात. बंबाशिवाय आंघोळ नाही. लाकूड वखारीतून वजनावर यायचे आणि वजनावर म्हटले की लबाडी आलीच. लाकूड ओले असेल तर आपण पाण्याचेच पैसे मोजतो. दादा दोन ढलप्या हातात घेऊन एकमेकींवर आपटायचे. वाळलेले लाकूड टणटण वाजते, ओले बद्द वाजते. ज्या वखारीतले लाकूड वाजेल तिथूनच घ्यायचे. मग ती चार पैसे महाग का असेना.

पुढे रॉकेलचा स्टोव्ह आला. इथे मात्र निवड नव्हती. कार्ड ज्या दुकानाला जोडलेले, तिथेच रांगेत उभे राहायचे. मापात रॉकेल जोरात ओतले की फेस येतो आणि माप भरल्यासारखे दिसते. दादा शांतपणे म्हणायचे, ‘‘फेस बसू द्या, मग ओता.’’ मागच्या रांगेतले लोक वैतागायचे, पण त्यांचीही मापे त्या दिवशी नीट भरायची.

गॅस मुंबईत १९५५ च्या सुमारास ‘बर्शेन’ नावाने आला. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावाला त्यासाठी बरीच वर्षे थांबावे लागले आणि नंबर लावून वाट पाहावी लागली. म्हणून मिळाला तेव्हा तो उपकारासारखा वाटला. एजन्सी देईल तेव्हा घ्यायचा, देईल तसा घ्यायचा. ती सवय आमच्या हाडात मुरली. पुढे नियम बदलले, पण सवय राहिली.

काट्यावर काय दिसले

दवाखान्यातून परतलो त्या दिवशीच दुसरा सिलिंडर आला. शेजारच्या अक्कांच्या मुलाचे धान्याचे दुकान आहे. त्याच्याकडून मोठा वजनकाटा मागवला. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो असतो. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्याच अंगावर कोरलेले असते आणि ते प्रत्येक सिलिंडरचे थोडे वेगळे असते. आमच्या सिलिंडरवर १५.९ होते. म्हणजे भरलेला ३०.१ किलो भरायला हवा. काटा २८.८ वर थांबला.

एक किलो तीनशे ग्रॅम कमी. आईचा एकटीचा सिलिंडर एरवी दोन महिने पुरतो. त्या हिशेबाने पाच-सहा दिवसांचा गॅस घरात आलाच नव्हता. वाटेत कुठे कमी झाला हे मी सांगू शकत नाही. एजन्सीत गेले तर उत्तर मिळाले, ‘‘सील उघडल्यावर आमची जबाबदारी नाही.’’ सील तर त्यांच्याच माणसासमोर जसेच्या तसे होते.

मग आम्ही काय पाहिले

सिलिंडर देणाऱ्या सरकारी कंपन्या तीन आहेत: इंडेन, भारत गॅस आणि एचपी. एकाच गावात तिघांचाही घरगुती सिलिंडर जवळजवळ सारख्याच भावाला पडतो, म्हणून स्वस्त कोण हा प्रश्न इथे निकामी. फरक पडतो तो एजन्सीत. आमच्या घरापर्यंत येणाऱ्या एजन्सींची नावे काढली, त्यांच्या ग्राहकांना विचारले, दोन ठिकाणी जाऊन बसले. जे पाहिले ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट, वजन. सिलिंडर आणणाऱ्या माणसाकडे टांगता काटा असायला हवा आणि मागितल्यावर दारात वजन करून दाखवायला हवे. तो आपला हक्क आहे. मी एजन्सीत विचारले, ‘‘तुमच्या गाडीवर काटा असतो का?’’ एकाने विषय बदलला. दुसऱ्याने काटा आणून टेबलावर ठेवला. निम्मा निर्णय तिथेच झाला.

दुसरी, तारीख. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर आतल्या बाजूला एक अक्षर आणि वर्ष असते. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ‘बी २७’ लिहिले असेल तर २०२७ च्या जूनपर्यंत त्या सिलिंडरची तपासणी व्हायला हवी. मुदत उलटलेला सिलिंडर घ्यायचा नाही. आईने इतक्या वर्षांत ते अक्षर पाहिले होते, पण ते रंगाच्या नंबरासारखे काहीतरी असेल असे तिला वाटायचे.

तिसरी, अडीनडीला कोण येते. सिलिंडर तर सगळेच देतात. वास आला तर कोण येतो, हे विचारा. गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो. गॅस हवेपेक्षा जड, म्हणून तो जमिनीलगत साचतो. वास आला की रेग्युलेटर बंद करायचा, दारे-खिडक्या उघडायच्या, विजेचे बटण चालू किंवा बंद काहीही करायचे नाही, आणि बाहेर जाऊन फोन करायचा. गळतीसाठी १९०६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो. तो आम्ही मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवला.

चौथी, बोली. हे आमच्यासारख्या सीमाभागातल्या घरांसाठी. आई उमरग्याची. लग्नानंतर कानडी बोलायला शिकली आणि आज बाजारात तिचे कानडी ऐकून कुणी तिला मराठी म्हणणार नाही. पण कानडी अक्षर तिला वाचता येत नाही. मोबाइलवर येणारा इंग्रजी संदेशही नाही. सिलिंडर घेताना जो आकडा सांगावा लागतो, तो तिला शेजारून वाचून घ्यावा लागायचा. म्हणून तिच्याशी फोनवर बोलून नंबर लावणारी एजन्सी हवी होती.

पाचवी, पावती. पावतीवर जितके लिहिले तितकेच द्यायचे. घरपोच आणण्याचा खर्च त्यातच धरलेला असतो. आई दर वेळी वर पन्नास रुपये देत होती, ‘‘सगळेच देतात’’ म्हणून.

बदलणे किती सोपे

एकाच कंपनीची दुसरी एजन्सी घ्यायची असेल तर सिलिंडर, रेग्युलेटर काही परत करावे लागत नाही. कंपनीच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर आपल्या भागातल्या एजन्सींची यादी येते, त्यातली निवडायची. कंपनीच बदलायची असेल तर मात्र जुने सामान परत करून अनामत घ्यायची आणि नव्या ठिकाणी नव्याने भरायची. आम्ही कंपनी तीच ठेवली.

अडचण भलतीच निघाली. जोडणी अजून दादांच्या नावावर! त्यांना जाऊन सहा वर्षे झाली, पण ते निळे पुस्तक कुणी उघडलेच नव्हते. मग मृत्यूचा दाखला, आईची ओळखपत्रे, आम्हा भावंडांची संमती असे सगळे गोळा केले आणि आधी जोडणी आईच्या नावावर केली. ज्यांच्या घरी असे राहून गेले असेल त्यांनी हे काम आधी उरकावे. अपघात झाल्यावर कागद शोधत बसायची वेळ कुणावर येऊ नये.

बॉस्टनजवळची टाकी

या गडबडीत माझ्या भाचीचा फोन आला. ती अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये असते. तिला सगळे सांगितले तर ती म्हणाली, ‘‘मावशी, माझंही अगदी असंच झालं होतं.’’

तिकडे ईशान्येकडच्या राज्यांत बरीच जुनी घरे तेलावर गरम ठेवतात. तळघरात टाकी, बहुतेक घरांत २७५ गॅलनची, म्हणजे हजार लिटरहून थोडी मोठी. तेल जवळपास डिझेलच, पण रस्त्यावरच्या गाड्यांत भरू नये म्हणून लाल रंगवलेले. आपल्या रेशनच्या रॉकेलला निळा रंग असायचा तसेच. तिकडे मात्र भाव दुकानागणिक वेगळा. पहिल्या हिवाळ्यात तिने सगळ्यात स्वस्त दुकानदार धरला. त्याची रीत अशी की तेल संपत आले की आपण फोन करायचा. बाळंतपणाच्या धांदलीत ती टाकीचा काटा पाहायला विसरली आणि जानेवारीत मध्यरात्री टाकी कोरडी पडली. नळीत हवा शिरली, भट्टी बंद. तेल आणून ओतले तरी हवा काढल्याशिवाय भट्टी पेटत नाही, आणि दुरुस्ती हे त्या दुकानदाराचे काम नव्हते. तीन आठवड्यांचे बाळ घेऊन ती रात्र तिने मैत्रिणीकडे काढली.

आता ती गॅलनमागे थोडे जास्त देते. नवा दुकानदार रोजच्या थंडीवरून हिशेब मांडतो, टाकी किती उतरली असेल ते ओळखतो आणि न बोलावता येऊन भरतो. रात्री भट्टी बंद पडली तर त्याचाच माणूस येतो. ‘‘आणि गाडीच्या मीटरची पावती टाकीच्या काट्याशी ताडून बघते बरं का,’’ ती म्हणाली. मला दादांचे ‘फेस बसू द्या’ आठवले.

त्याच्या पोटावर पाय नको

सगळे ठरले आणि आई अडून बसली. जुन्या एजन्सीचा मुलगा बारा वर्षे सिलिंडर आणतो. उन्हातान्हात खांद्यावर घेऊन पायऱ्या चढतो, ताक पिऊन जातो. ‘‘मी एजन्सी बदलली तर त्याच्या पोटावर पाय पडंल. त्याची काय चूक?’’

मला उत्तर सुचेना. शेवटी तो आला तेव्हा तिने त्यालाच विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, ‘‘अम्मा, बदला तुम्ही. मला गाडी भरून देतात, काटा देत नाहीत. लोक मलाच चोर म्हणतात.’’

आई काही बोलली नाही. आत गेली आणि त्याच्यासाठी ताक घेऊन आली.

नव्या एजन्सीचा पहिला सिलिंडर आला तेव्हा मी सोलापूरला होते. आईचा फोन आला. ‘‘पंधरा पॉइंट सात लिहिलंय. काट्यावर एकोणतीस पॉइंट नऊ आलंय. बरोबर का?’’

मी बेरीज केली. बरोबर होती.

‘‘अक्षर?’’

‘‘डी. पुढचं वर्ष अजून लांब हाय.’’

आता तिच्याकडे एक वही आहे. त्यात तारीख, दोन वजने आणि सिलिंडर लावल्याचा दिवस लिहिलेला असतो. गल्लीतल्या चार बायका वजन करायच्या वेळी येऊन उभ्या राहतात. अक्कांनी तर आपल्या एजन्सीकडे काटा मागितला आणि पुढच्या खेपेला तो आलाही. त्यांना एजन्सी बदलावी लागली नाही.

परसातली चूल अजून आहे. येत्या दत्तजयंतीला पाहुणे येतील, तेव्हा दोन्ही सिलिंडर भरलेले असतील असे आईने मला बजावून सांगितले आहे. ‘‘तू मात्र तुझ्या घरचं वजन करतेस का?’’ असे तिने परवा विचारले. मी करत नव्हते. आता करते.