कुत्र्याने भाकरी जशीच्या तशी बाहेर काढली, तर काय समजावं?

राळेगणसिद्धी असो की पारनेर तालुक्यातलं दुसरं कुठलं गाव, शेतवस्तीवर कुत्रा असतोच. गोठ्यात दुभती जनावरं, शेळ्या, त्यात बिबट्याची भीती. शेती आणि गुरांच्या राखणीसाठी कुत्रा पाळायला शरीअतनेही परवानगी दिली आहे. मग त्याच्या दुखण्याकडे बघणंही आपल्याकडेच आलं.

‘खाल्लं आणि लगेच बाहेर काढलं’ याला आपण सरसकट ओकणं म्हणतो. पण यात दोन प्रकार आहेत.

खरी ओकारी पोटातून येते. आधी कुत्रा अस्वस्थ होतो, लाळ गळते, पोट जोरजोरात आत-बाहेर होतं. बाहेर आलेलं अर्धवट पचलेलं, आंबूस, कधी पिवळ्या पित्ताचं असतं.

दुसऱ्या प्रकारात अन्न पोटापर्यंत पोहोचलेलंच नसतं. ते अन्ननलिकेतूनच परत येतं. पोटाला हिसके नाहीत. कुत्रा मान खाली घालतो आणि घास गळून पडतो. भाकरीचा तुकडा ओळखू येतो, कधी तो नळीसारखा लांबट दिसतो.

हे एखाद्या वेळी झालं तर घाबरू नका. चार कुत्री एका ताटलीवर तुटून पडली की न चावता गिळलेलं परत येतं, आणि कुत्रा ते पुन्हा खातोही. दिलेली भेट परत घेणाऱ्याला हदीसमध्ये याच सवयीची उपमा दिली आहे. माळरानावरचे लांडगे तर शिकार पोटात भरून आणतात आणि पिल्लांपुढे उलटून टाकतात.

मात्र रोज असं होत असेल तर दुखणं अन्ननलिकेत आहे. कधी हाड अडकलेलं असतं. बकरी ईदनंतर शिजवलेली हाडं कुत्र्याला टाकू नका. ती टोकदार फुटतात. कधी अन्ननलिका सैल पडून फुगते आणि घास पुढे ढकलत नाही. कधी तिच्यात जंतांच्या गाठी होतात. हे जंत शेणकिडे खाल्ल्याने कुत्र्याच्या पोटात जातात.

अशा कुत्र्याला जबरदस्तीने तेल किंवा दूध पाजू नका. ते श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. किती वेळा झालं, खाल्ल्यावर किती वेळाने झालं, हे लक्षात ठेवा; मोबाईलवर व्हिडिओ काढला तर डॉक्टरांना निदान सोपं जातं. अन्ननलिका सैल असेल तर पातळ, थोडं-थोडं अन्न उंचावर ठेवून भरवायला सांगतात.

आता सर्वांत महत्त्वाचं. कुत्र्याला गिळता येत नाही, तोंडातून लाळ गळते, आवाज बदललाय, जबडा लोंबतोय, तर ‘घशात हाड अडकलं असेल’ म्हणून तोंडात हात घालू नका. हा रेबीज असू शकतो. मुलांना लांब ठेवा आणि डॉक्टरांना कळवा. चावा, ओरखडा झाला किंवा जखमेला लाळ लागली, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. हळद, चुना, मिरची लावत बसू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचणं जवळपास अशक्य असतं. वेळेवर घेतलेली लस मात्र जीव वाचवते.

राखणीच्या कुत्र्यालाही दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्या. तो गोठा राखतो, ही लस घर राखते.