कर्णकर्कश ध्वनी आणि डोकेदुखी

दरवर्षी १४ एप्रिलच्या सुमारास निवासी शाळांतील काही मुले कपाळाला रुमाल बांधून अंधाऱ्या खोलीत पडून राहतात. परीक्षा तोंडावर असल्यामुळे पालकांना ती सबब वाटते. बहुधा ती अर्धशिशी असते.

अर्धशिशी हा मेंदूचा विकार आहे. प्रकाश व आवाज सहन न होणे ही तिच्या निदानातील एक खूण होय. एकच आवाज पुनःपुन्हा कानी पडला की सर्वसाधारण मेंदू त्याकडे दुर्लक्ष करू लागतो. अर्धशिशीच्या रुग्णाला ते कठीण जाते. म्हणून ‘सवय होईल’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला येथे निरुपयोगी ठरतो.

डेसिबलचे गणितही फसवे आहे. १० डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता १० पट होते. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आहे. डीजेच्या भिंतीपुढे १०५ भरले, तर ती तीव्रता मर्यादेच्या १ लाख पट झाली! कानांपुरते बोलायचे तर ८५ डेसिबल ८ तास चालतात, १०० मात्र जेमतेम १५ मिनिटे. खर्जातले ठोके भिंतीतूनही आत येतात. खिडक्या लावून सुटका नाही.

‘आमच्याच जयंतीवर बोट का?’ असे कोणी विचारील. नियम गणेशोत्सव, उरूस, लग्नाची वरात, सर्वांना सारखाच आहे. पण आपला वारसा निराळा आहे. अंगुत्तर निकायातील कण्टक सुत्तात वैशालीच्या लिच्छवींचा गलबला टाळून भिक्खू गोसिंग शालवनात जातात आणि बुद्ध त्यांची प्रशंसा करतात. ध्वनी हा प्रथम ध्यानाचा काटा आहे, असे ते सांगतात. भीमराव कर्डकांच्या जलशात वाद्ये होती, परंतु ती शब्दांच्या साथीला. डीजेपुढे भीमगीताचा शब्दच ऐकू येत नाही, हे मला अधिक खटकते.

मुलास त्रास होत असेल तर मिरवणुकीत त्याला ध्वनिवर्धकापासून दूर ठेवावे, कानात फोमचे बोळे द्यावेत, जेवण व झोप चुकवू देऊ नये. वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ वा अधिक दिवस, असे काही महिने घेतल्यास त्यांच्यामुळेच डोके दुखू लागते. डोकेदुखी अकस्मात व असह्य असेल, किंवा ज्वरासह मान ताठली असेल, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये शाळेभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. तेथे दिवसा ५० व रात्री ४० डेसिबलची मर्यादा असते. माजी विद्यार्थी संघाने पुढील एप्रिलपूर्वी आपल्या शाळेसाठी तसा अर्ज करावा.