सहाव्या गिअरचा हिशेब

जुन्या गाडीतला चार गिअरांचा गिअरबॉक्स काढून पाचाचा बसवायचा, पाचाचा काढून सहाचा बसवायचा, ही मोटारवेड्यांची जगभर चालणारी खटपट आहे. ती करणाऱ्याच्या मनात बहुधा दोन अपेक्षा असतात. हायवेवर इंजिनाची घरघर कमी व्हावी आणि ॲव्हरेज वाढावे, ही एक. गाडीने पिकअप झटकन घ्यावा, ही दुसरी. दोन्ही अपेक्षा रास्त आहेत, पण गिअर वाढले की त्या आपोआप पुऱ्या होतील हा समज फसवा आहे. शिडीला एक पायरी वाढवली म्हणून ती उंच होतेच असे नाही. कधी पायऱ्या नुसत्या जवळ जवळ येतात. सगळा खेळ रेशोचा आहे आणि तो खर्च करण्याआधी कागदावर मांडता येतो.

इंजिन किती फिरले की चाक एकदा फिरते, हे दोन ठिकाणी ठरते. पहिले ठिकाण गिअरबॉक्स, दुसरे डिफरन्शियल, म्हणजे मेकॅनिक ज्याला क्राऊन-पिनियन म्हणतात ती दातेरी जोडी. दोन्हींच्या रेशोंचा गुणाकार केला की एकूण रेशो मिळतो. कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला चार गिअर होते आणि चौथ्याचा रेशो १ होता: गिअरबॉक्समध्ये जितके फेरे आत, तितकेच बाहेर. रेशो १ च्या खाली गेला की त्याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. तिथे गिअरबॉक्सच्या बाहेर पडणारा शाफ्ट इंजिनापेक्षा जास्त वेगाने फिरतो. १९६० च्या दशकातल्या अमेरिकन फोर्ड मस्टँगच्या चार गिअरांतही शेवटचा १ चाच होता. अशा गाडीत पुढच्या काळातल्या मस्टँगचा टी-५ हा पाच गिअरांचा बॉक्स बसवतात. त्यात पाचव्याचा रेशो ०.६८ असला, तर एरवी ३,००० आरपीएमवर घोंघावणारे इंजिन त्याच वेगाला साधारण २,०४० वर येते. इथे फायदा निर्विवाद आहे, कारण जुन्या बॉक्समध्ये मुळात नसलेली गोष्ट नव्यात मिळाली.

याच्या नेमके उलट उदाहरण माझदा एमएक्स-५ या छोट्या, दोन आसनी, उघड्या टपाच्या जपानी गाडीचे आहे. १९८९ मध्ये आलेल्या पहिल्या पिढीला पाच गिअर होते. दुसऱ्या पिढीत काही गाड्यांना सहा मिळाले. तो सहाचा बॉक्स जुन्या गाडीत बसवणारे हौशी पुष्कळ आहेत. आता आकडे पाहू. पाच गिअरांच्या बॉक्समध्ये शेवटच्या गिअरचा रेशो ०.८१४ आहे, सहाच्या बॉक्समध्ये ०.८४३. म्हणजे रेशोचा आकडा मोठा असल्याने सहावा गिअर जुन्या पाचव्यापेक्षा ‘छोटा’ निघाला: त्याच वेगाला त्यात इंजिन जास्त फिरते. जुन्या १.८ लिटरच्या गाडीतले ४.१ चे डिफरन्शियल तसेच ठेवले आणि १८५/६० आर १४ मापाचे टायर धरले, तर ताशी १०० किलोमीटरला पाचव्या गिअरमध्ये इंजिन सुमारे ३,०६० आरपीएमवर चालते आणि नव्या सहाव्यात सुमारे ३,१७० वर. शांततेसाठी पैसे मोजलेल्या माणसाच्या पदरी थोडा जास्तच आवाज पडतो.

यावर कुणी म्हणेल, आवाजाचे सोडा. गिअर जवळ जवळ आले की इंजिन आपल्या जोमाच्या टप्प्यात राहते, म्हणून पिकअप सुधारतो. तत्त्व बरोबर आहे. गिअर बदलताना आरपीएम जितके कमी पडतील, तितका जोर टिकतो. पण याच दोन बॉक्समध्ये पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना आरपीएम दोन्हीकडे जवळपास ४० टक्केच पडतात. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना ६,५०० वरचे इंजिन जुन्या बॉक्समध्ये सुमारे ४,५८० वर उतरते, नव्यात ४,७१० वर. फरक आहे, पण तो गाडीचा स्वभाव बदलणारा नाही. शिवाय नव्या बॉक्सचा पहिला गिअर ३.७६ चा, जुन्याचा ३.१३६ चा. ४.१ च्या डिफरन्शियलवर हा पहिला गिअर सुमारे २० टक्के छोटा पडतो. गाडी जागेवरून जोरात उचलते खरी, पण पहिला गिअर टाकतो न टाकतो तोच दुसरा टाकावा लागतो.

मग माझदाने सहावा गिअर दिलाच कशाला, हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्याचे उत्तर डिफरन्शियलमध्ये आहे. सहाचा बॉक्स देताना कंपनीने अनेक गाड्यांत ४.१ च्या जागी ३.९०९ किंवा ३.६३६ चे डिफरन्शियल बसवले. ३.६३६ वर हिशेब केला की ताशी १०० ला इंजिन सुमारे २,८१५ आरपीएमवर येते आणि पहिल्या गिअरचा एकूण रेशो १३.७ राहतो, जुन्या गाडीचा तो १२.९ होता. म्हणजे उचलही राहिली आणि हायवेवर शांतताही आली. आता हेच डिफरन्शियल जुन्या पाच गिअरांना जोडून पाहा. आरपीएम आणखी उतरून सुमारे २,७२० होतात, म्हणजे नुसत्या शांततेसाठी गिअरबॉक्सला हात लावायचीही गरज नव्हती! मात्र पहिल्या गिअरचा एकूण रेशो ११.४ वर येतो आणि चढावर, सिग्नलवर गाडी जड वाटू लागते. जास्त गिअरांचा खरा उपयोग हा आहे: सर्वांत छोट्या आणि सर्वांत मोठ्या गिअरमधले अंतर वाढते. पाचाच्या बॉक्समध्ये ते ३.८५ पट आहे, सहाच्यात ४.४६ पट. हे वाढलेले अंतर कुठे खर्च करायचे, उचलीवर की शांततेवर, हे डिफरन्शियल ठरवते.

आरपीएम जितके कमी तितके ॲव्हरेज चांगले, हेही सरसकट खरे नाही. इंजिन कमी फिरले तर घर्षणात वाया जाणारी ताकद वाचते. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो तोडण्याइतका जोर त्या आरपीएमला इंजिनात हवा. तो नसेल तर गाडी ओढत नाही, चालक ॲक्सिलरेटर दाबत राहतो आणि शेवटी खालचा गिअर टाकतो. मस्टँगच्या मोठ्या व्ही-८ इंजिनाला ०.६८ पेलतो, म्हणून एखाद्या लहान इंजिनाला तो पेलेल असे नाही.

काही जण टर्बो बसवून ताकद वाढवतात आणि जास्त मजबूत बॉक्स हवा म्हणून सहाचा निवडतात. त्यांचे कारण वेगळे आहे आणि ते गिअरच्या संख्येवर अवलंबून नाही. खर्चाची यादी मात्र सर्वांना सारखीच लागू होते. क्लच प्लेटच्या खाचा नव्या शाफ्टला जुळतात का, बेल हाउसिंग इंजिनाला बसते का, प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते का, गिअरचा दांडा जुन्या भोकातूनच वर येतो का, हे आधी तपासावे लागते. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून निघत असेल, तर डिफरन्शियल बदलताच वेगाचा आकडा चुकू लागतो. भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ ही लक्षात ठेवावे: नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल, असा बदल मालकाला करता येत नाही. काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारलेले बरे.

म्हणून गॅरेजात गिअरबॉक्स दाखवणाऱ्याला तो किती गिअरांचा, हे विचारून भागत नाही. पहिल्या आणि शेवटच्या गिअरचा रेशो, आपल्या डिफरन्शियलचा रेशो आणि टायरचे माप, एवढे चार आकडे हवेत. त्यांच्या गुणाकारातून नव्या बॉक्सचे आरपीएम जुन्याइतकेच निघाले, तर हायवेवरच्या शांततेसाठी केलेला तो खर्च वाया गेला म्हणून समजावे.